वायरी लावणारे भाऊ

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला फिट्स येतात. दर सहा महिन्यांनी आम्ही जामनेरहून जळगावला तपासणीला जातो. तिथं डोक्याला वायरी लावणारे भाऊ धुळ्याकडचे. रिपोर्टचं विचारलं की, "डॉक्टर सांगतील," एवढंच बोलतात.

मागच्या खेपेला मुलगी अडून बसली. केसांत वायरींची पेस्ट चिकटून राहते, शाळेत मुली हसतात, म्हणाली.

भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. "डोकामा बठ्ठ्या, सगळ्या नसा एकमेकासंगे बोलतस, बेटा. आपले फक्त आयकनं शे. केस मी धोई देसू."

बाहेर रांग होती, तरी तपासणीनंतर त्यांनी कोमट पाण्यानं एकेक बट पुसली आणि दोन वेण्या घातल्या.

"पुढच्या वेळी रिबिनी आणते," मुलगी म्हणाली.

"लाल आण," म्हणत भाऊंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.