खुडूक

भिजवलेल्या कोंड्याचा आंबूस वास आला की मला ती तांबडी कोंबडी आठवते. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. नवरा फौजेत, आणि त्याचा फोन आला, क्वार्टर मिळालंय, तिला पाठवून द्या. फोन स्पीकरवर होता. सासूबाई म्हणाल्या, "आन् कोंबड्या कुणी बघायच्या रं? माझं गुडघं गेल्यात." पलीकडून तो नुसतं "बरं" म्हणाला. मी आतल्या खोलीत भरलेल्या बॅगेशेजारी जाऊन बसले. त्याच आठवड्यात तांबडी खुडूक झाली. खाली एक अंडं नसताना पिसं फुगवून बसून राहायची, हात नेला की टोचायची. सासूबाईंनी तिला उचलली, अंगणात बांबूच्या डालग्याखाली कोंडली आणि वर दगड ठेवला. "चार दिस ऱ्हाऊ दे. बसायला उबीची जागा न्हाई म्हटल्यावर इसरती," त्या म्हणाल्या, आणि दारातून आत दिसणाऱ्या माझ्या बॅगेकडं बघत पुढं, "समदीच इसरत्यात." मी फटीतून पाण्याची वाटी सरकवली, तर तिनं मलाच टोचलं. मला तिचा राग आला नाही. डालगं उचललं तेव्हा ती अंग झाडून गुमान बाकीच्यांत दाणे टिपायला गेली, आणि पुढं परत अंडीही घालायला लागली. मी बॅगेतल्या साड्या कपाटात लावल्या. आता नवरा पेन्शनीवर घरीच असतो. परवा मी कोंडा कालवत होते, तर शेजारी बसून त्यानं सहज विचारलं, "तवा क्वार्टरला का आली न्हाईस गं?" मी हात न थांबवता म्हटलं, "कोंबड्या हुत्या."