जकातदाराच्या लकबी

खलनायकाने दुष्ट असणे ही फार सोपी गोष्ट आहे, असे भिंगाचे ठाम मत होते. दुष्टपणा कोणालाही जमतो. त्याला ना अभ्यास लागतो ना वय. कठीण असते ते लक्षात राहणे. 'भिंग' हे अर्थात टोपणनाव. हा चष्म्याच्या दुकानाचा मालक, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, अंगाने काडीपैलवान. मान पुढे काढून तो समोरच्याला असा निरखायचा, की हे नाव त्याला कोणी आणि का दिले असेल याची चौकशी करण्याची गरजच पडत नसे. आठवडाभर तो लोकांच्या नाकांवर चष्मे बसवी, आणि रविवारी दुपारी शटर अर्धे खाली ओढून त्याच काउंटरवर एक राज्य मांडी.

खेळ भूमिकांचा होता. एकाने जग रचायचे. त्यातले डोंगर, नद्या, राजे, दरोडेखोर सगळे त्याचे. बाकीच्यांनी त्या जगातले एकेक माणूस व्हायचे आणि काय बोलावे, काय करावे ते आपापले ठरवायचे. केलेले जमले की फसले, हे फासे सांगणार. जग रचण्याचे काम भिंगाकडे असल्यामुळे राजापासून रस्त्यावरच्या भिकाऱ्यापर्यंत उरलेली सारी माणसे तोच. खेळणारे तिघे. बेकरीवाला, ज्याला सगळे 'भट्टी' म्हणत. शाळेत गणित शिकवणाऱ्या 'गणितबाई'. आणि भिंगाची सख्खी वहिनी, जी मुलांची शाळेची व्हॅन चालवी आणि खेळातही वाटाडीच होई. "आठवडाभर पोरांना वाट दाखवायची, रविवारी तुम्हाला," ती म्हणे, "माझ्या कपाळी स्टीअरिंगच लिहिलंय."

सुरुवातीचे खलनायक गडगडाटी होते. ते छाती फुगवून हसत, काउंटरवर मूठ आपटत (त्यात एकदा एका गिऱ्हाइकाची घासून तयार असलेली काच तडकली), आणि पुढच्या रविवारी त्यांचे नावही कोणाला आठवत नसे.

"गेल्या खेपेचा तो कोण रे?" भट्टी विचारी. "काळा झगा, हाहाहा?"

"काळा झगा सगळ्यांनाच आहे," गणितबाई म्हणत. "आणि हाहाहासुद्धा सामायिक आहे. दोन्ही बाजूंनी काढून टाका, काय उरतं ते बघा."

काहीच उरत नसे. भिंगाच्या मनाला ते लागले.

उपाय त्याला दुकानातच सापडला. चष्मा बसवताना गिऱ्हाइकाचा चेहरा वीतभर अंतरावर असतो, आणि इतक्या जवळून माणूस फार काळ मुखवटा धरून राहू शकत नाही. एक वयस्क बाई चष्म्याची दांडी कानामागे टोचते म्हणून तक्रार घेऊन आल्या. त्यांचा राग जसा वाढे तसा आवाज खाली जाई. शेवटी त्या इतक्या हळू बोलू लागल्या, की भिंगाला आपली खरडपट्टी ऐकण्यासाठी स्वतःहून काउंटरवर ओणवे व्हावे लागले. त्या रविवारी त्याच्या राज्यात एक राणी अवतरली. ती संतापली की पुटपुटायची. तिघेही खेळगडी आपसूक पुढे झुकले, आणि भट्टीच्या कपाळावर घाम आला. पाठोपाठ एक विषारी वैद्य आला. बोलता बोलता तो संत्र्याची साल एकाच अखंड पट्टीत सोलायचा, फोड स्वतः कधीच खायचा नाही, आणि सोललेले संत्रे आदबीने समोरच्याच्या हातावर ठेवायचा. भट्टीने पुढे महिनाभर कोणाच्याही हातचे संत्रे खाल्ले नाही. "खात्री करून मग खाईन," तो बायकोला म्हणाला, आणि तिने दिलेले उत्तर त्याने दुकानात येऊन सांगितले नाही.

हळूहळू या कामाचे भिंगाचे म्हणून एक शास्त्र तयार झाले. खलनायकाला हाताची एक सवय द्यावी, जिभेची एक द्यावी, आणि तो कधीच करत नाही अशी एक गोष्ट ठरवावी. आणि या सगळ्यावर एक पथ्य: एका माणसाकडून एकच लकब उचलावी. हात एकाचा असेल तर जीभ दुसऱ्याची हवी, नाहीतर ती उसनवारी राहत नाही, चोरी होते. शिवाय ज्याची चोरी झाली तो ओळखतो. हे पथ्य त्याने कधी मोडले नव्हते. निदान त्याची तशी समजूत होती.

इथे त्याच्या मोठ्या भावाविषयी सांगणे भाग आहे. दुकान मूळचे वडिलांचे. काचा घासण्याचे त्यांचे जुने यंत्र खिडकीपाशी असे. वडील गेले, आणि पंधरवडाही उलटला नव्हता तोच दादाने एका सकाळी कोणाला न विचारता ते यंत्र उचलून देऊन टाकले. भिंगाने दुकानात पाऊल ठेवले तेव्हा खिडकीखाली फक्त चार पायांचे ठसे होते. त्या दुपारी दादा वहिनीबरोबर भिंगाच्या घरी आला आणि सवयीने रुमाल काढून एका पाहुण्याची खुर्ची झटकू लागला, तेव्हा भिंग जमलेल्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "बाबांना बाहेर काढायची एवढी घाई झाली होती?" दादा म्हणाला, "असो. तुझंच खरं." एवढे बोलून तो पायऱ्या उतरून वहिनीच्या व्हॅनमध्ये जाऊन बसला. त्याने मागे वळून पाहिले नाही. तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. वहिनी मात्र दर रविवारी न चुकता येई. त्या विषयाचे अक्षर काढत नसे. निघताना फक्त "घरी बरं आहे सगळं" एवढे म्हणे, आणि भिंग मान हलवी. दोन घरांमध्ये तेवढाच एक धागा उरला होता. तो तुटला तर दादाची खुशालीसुद्धा आपल्याला परक्याच्या तोंडून कळेल, हे भिंगाला पक्के ठाऊक होते. म्हणून तो वहिनीला खेळात कधी हरू देत नसे. ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि तिला सर्वांत आधी.

मग जकातदार आला. घाटाच्या तोंडाशी चौकी टाकून बसलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला नागवणारा. भिंगाला तो फार मनापासून सुचला होता. वाटसरूंना चौकीत आणले की जकातदार खिशातून रुमाल काढी आणि पाहुण्याची खुर्ची स्वतः झटकून देई. स्वतःच्या खुर्चीवर धूळ असली तरी तसाच बसे. भिंगाने खेळताना खरोखर रुमाल काढला आणि भट्टीचे स्टूल झटकले. भट्टी खूश झाला.

"हा मात्र अस्सल आहे," तो म्हणाला. "लुटतो, पण काय ती रीत!"

गणितबाईंनी जकातीच्या दराबद्दल हुज्जत घातली. जकातदाराने सगळे ऐकून घेतले, मान डोलावली, आणि म्हणाला, "असो. तुमचंच खरं." मग त्याने त्यांची घोडी जप्त केली आणि मागे न बघता आत निघून गेला.

चष्म्याच्या दुकानात चेहरा लपवायला जागा नसते. चारी भिंतींना आरसे. भिंगाला वहिनीचा चेहरा एकदम तीन आरशांत दिसला, आणि तिन्हींत तो दगडासारखा झाला होता. तिने हातातले फासे अलगद खाली ठेवले.

"बरं, निघते मी," ती म्हणाली. 'घरी बरं आहे' म्हणाली नाही.

शटरखालून ती वाकून बाहेर गेली, तेव्हा कुठे भिंगाच्या डोक्यात प्रकाश पडला. हात, जीभ, आणि कधीच न करण्याची ती गोष्ट: तिन्ही एकाच माणसाची. तो स्वतःला मोठा निरीक्षक समजत होता, आणि ज्याला तो सर्वांत जास्त निरखत आला होता तोच त्याला ओळखू आला नव्हता.

पुढच्या रविवारी वहिनी आली नाही.

"व्हॅन बिघडली असेल," भट्टी म्हणाला.

"त्यांची व्हॅन बिघडत नाही," गणितबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भिंगाकडे रोखून बघितले. त्या दिवशी खेळ झाला नाही. आठवडाभर भिंगाचे कामात लक्ष नव्हते. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात त्याने डावी काच उजवीकडे बसवली. वहिनीला फोन करावा असे त्याला दहादा वाटले. पण म्हणायचे काय? 'तुमच्या नवऱ्याला मी चुकून दरोडेखोर केलं, माफ करा'?

त्यानंतरच्या रविवारी ती आली. नेहमीच्या जागी बसली, आणि म्हणाली, "कुठवर आलो होतो?"

भिंगाने जीव मुठीत धरून खेळ सुरू केला. तिघांनी चौकीवर छापा घातला. फासेही असे पडले, की शिपाई पळाले आणि जकातदार कड्याच्या टोकाशी एकटा सापडला.

"ढकला त्याला!" भट्टी हात चोळत म्हणाला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "वाटाडीला त्याच्याशी बोलायचंय." ती भिंगाच्या डोळ्यांत बघत होती. "जकातदार, त्या दिवशी तुम्ही मागे वळून का पाहिलं नाहीत?"

खेळ सोडून उत्तर देता येईना, म्हणून त्याने जकातदाराचा आधार घेतला. "असो," तो म्हणाला, "तुमचंच खरं."

"चूक," वहिनी म्हणाली. "भाऊजी, लकब तुम्ही बरोबर उचललीत, पण अर्धीच. 'असो' तो कुणाला उडवून लावायला म्हणत नाही. घसा दाटला की म्हणतो. पुढे बोलला तर आवाज फुटेल म्हणून. आणि मागे वळून बघत नाही हे खरं. गाडीच्या आरशात बघतो. गल्लीचं वळण येईपर्यंत बघत होता. मला म्हणाला, हळू घे. मी हळू घेतली. तुम्ही पायरीवर उभे होतात, हाताची घडी घालून."

गणितबाईंनी फासे गोळा करून मुकाट्याने डबीत टाकले.

"म्हणजे ढकलायचं नाही?" भट्टीने हळूच विचारले.

"तुम्ही गप्प बसा हो," गणितबाई म्हणाल्या.

"इथे बसून त्याच्या तोंडी काहीबाही घालू नका," वहिनी भिंगाला म्हणाली. "तो घरी आहे. चला."

व्हॅनमध्ये मागच्या सीटवर कोणाचे तरी दप्तर राहिले होते; भिंग ते मांडीवर घेऊन बसला. दार दादानेच उघडले. तो वाळला होता. क्षणभर त्याने दारातली जागा सोडली नाही, मग बाजूला झाला. वहिनी सरळ स्वयंपाकघरात गेली.

"ये," तो म्हणाला. "ही सांगत होती, तू मला डोंगरात बसवलंयस. जकात गोळा करायला."

"दादा, ते ठरवून नाही केलं."

"फार छळतो का मी लोकांना?"

"फार."

"मग? मेलो का?"

"अजून नाही. वहिनींनी अडवलं."

"उपकार झाले," दादा आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाला. आतून भांड्यांचा आवाज आला. मग रुमाल काढून त्याने भिंगासाठी खुर्ची झटकली. "ते यंत्र," दादा म्हणाला. "सकाळी दुकान उघडलं की बाबा त्यावर वाकलेले दिसायचे. मला ते बघवेना."

"मला तेच बघायचं होतं," भिंग म्हणाला.

दादाने मान हलवली. "विचारायला हवं होतं तुला." थोड्या वेळाने त्याने खाकरून घसा साफ केला. "आणि काय रे, तो जकातदार पावती देतो का?"

"नाही."

"द्यायला लाव. माणूस वाईट असला तरी कामाला चोख हवा."

भिंगाला हसू फुटले. दादाही हसला, आणि हसताना त्याने चटकन तळहात तोंडावर धरला. ही सवय भिंगाने पूर्वी कधी पाहिली नव्हती. एरवी त्याने ती तिथल्या तिथे मनात टिपून ठेवली असती, पुढेमागे कुठल्यातरी दुष्ट सेनापतीला द्यायला. आत्ता त्याला तसे काही सुचले नाही. मान पुढे काढून तो भावाच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि भिंगाचा चेहरा पडला.

"दादा, दात कधी पडला तुझा?"

"तो होय," दादा म्हणाला. "बस, सांगतो. त्याची एक मोठी गंमत आहे."