कुल्हडवाला मावळा

दूधविनायकातल्या आमच्या शेजारच्या काकांइतका शांततेसाठी भांडणारा माणूस अख्ख्या काशीत दुसरा नसेल. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून मुलांच्या हातातली बंदूक हा त्यांचा एकुलता एक शत्रू. मेळ्यात प्लॅस्टिकच्या गदा-तलवारी मांडणाऱ्या दुकानदाराशी ते इतका वेळ हुज्जत घालतात, की शेवटी तोच त्यांना पाणी विचारतो. कुणाकडे मुलं टीव्हीवर मारामारी बघत असली, तर काका पडद्याकडे पाठ करून मधोमध उभे राहतात आणि यजमानांशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. मारामारी संपली की बसतात. बंदूक आणून देणाऱ्याला ते लाकडी भोवरा देतात. हे कळल्यावर गल्लीतल्या मुलांनी कुठकुठल्या मोडक्या बंदुका शोधून आणल्या. "आणू देत की," काका म्हणाले, "तेवढाच भोवऱ्यांचा प्रसार."

दिवाळीत ते अंगणात किल्ला करतात. मातीच्या मावळ्यांच्या तलवारी कानशीने घासून काढतात आणि मग मला बोलावतात. "तू फार बोलत नाहीस, म्हणजे हात स्थिर असणार," एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. मी कुणाच्या हातात झाडू घडवते, कुणाच्या छत्री. दरवाज्यावरच्या मावळ्याला मी चहाचा कुल्हड दिला. "काका, शत्रू आला तर?" मी हळूच विचारलं होतं.

"दमून येईल ना तो. चढण केवढी आहे."

एवढा मवाळ माणूस, पण मागच्या दिवाळीत त्यांनीच घात केला. पुण्याहून आलेल्या आठ वर्षांच्या नातीचं लुकलुकणारं पिस्तूल तिच्या हातातून ओढलं आणि पंचगंगा घाटावरून थेट गंगेत फेकलं. ती रडतच त्याच संध्याकाळच्या गाडीने गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नाववाला तेच पिस्तूल घेऊन दारात उभा. "गुरु, ई आप ही के घर का है न? हमरी नाव में आके अटका रहा."

त्यानंतर वर्षभर ती फोनवर आली नाही. दर रविवारी पलीकडून "आजोबांशी बोल" ऐकू यायचं, मग नुसती शांतता. काका त्या शांततेलाच "अभ्यास कर हो" म्हणून फोन ठेवायचे.

या दिवाळीत ती आली, पण किल्ल्यापासून लांब बसली. काकांनी कपाटातून एक डबा आणून तिच्यापुढे ठेवला. आत तेच पिस्तूल होतं, पुसलेलं, नव्या सेलचं.

"मला हे अजूनही आवडत नाही," ते म्हणाले. "पण मी ते हिसकावलं. ती मारामारीच झाली. चुकलं माझं."

तिने लगेच चाप ओढला. काकांनी डोळे मिटले, पण जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने ती किल्ल्याजवळ सरकली.

"आजोबा, हा चहा कुणाला?"

"शत्रूला."

"साखर घातलीय?"

"त्याला विचारून घालू."

म्हणून तिने पिस्तूल सोडलं, असं काही झालं नाही. चार दिवस ते घरभर वाजत होतं, काका कानात कापूस घालून फराळ करत होते, आणि जाताना ते तिच्या बॅगेत गेलं. मला उगाच वाईट वाटलं. स्टेशनवरून परतल्यावर पाहिलं, तर किल्ल्याच्या दरवाज्यावरचा कुल्हडवाला मावळा नव्हता.

"दुसरा करू का, काका?"

"नको. त्याची बदली झालीय पुण्याला."

किल्ल्यावरची मोहरी आता वाळली, तरी तो मोडलेला नाही. दरवाज्यावरची जागा रिकामीच आहे. रविवारी मी फराळाचा डबा परत द्यायला गेले, तेव्हा काका फोन कानाला लावून बसले होते. पलीकडून नातीची बडबड थांबतच नव्हती; ते नुसते ऐकत होते.