जावयाचं विमान

मला पाहायला आलेल्या मुलाकडे विमान चालवायचं लायसन्स होतं, पण नोकरी नव्हती. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल. मी बीएड करून नाशकातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, पंचवटीत भाजीपाल्याची आडत चालवत. निफाडकडची शेती वाट्यानं देऊन ते शहरात आले आणि आडतीत त्यांचं चांगलं बस्तान बसलं. घरात आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण. भाऊ नव्हता, त्यामुळं अण्णांचा सगळा जीव जावई कसा मिळतो यात अडकलेला. शेजारच्या गाळेवाल्याला डॉक्टर जावई मिळाला, तेव्हापासून तर त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

मुलगा नाशिकरोडचा होता. वडील सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं अगदी मोजून-मापून. मुलाला त्यांनी परगावच्या फ्लाइंग क्लबात घातलं होतं. तिथं त्यानं छोट्या विमानावर तास भरून लायसन्स मिळवलं आणि मग तो घरी येऊन बसला. त्या काळी देशात विमान कंपन्या सरकारी, त्याही दोन-तीनच, आणि लायसन्स घेऊन बसलेली मुलं चिक्कार. यातून वाट काढली मुलाच्या मामांनी. ते मुंबईला असत आणि परदेशी शिक्षणाची कामं करत.

मामांनी आमच्या बैठकीच्या खोलीत सगळ्यांना समजावून सांगितलं ते असं. नुसतं लायसन्स पुरत नाही. प्रवासी विमानांच्या जाती वेगवेगळ्या असतात. जे विमान चालवायचं, त्याचं वेगळं शिक्षण घेऊन त्याचं नाव लायसन्सवर चढवून घ्यावं लागतं. हे शिक्षण अमेरिकेत मिळतं. ज्याच्याकडे ते असेल त्याला कंपन्या हातोहात उचलतात. खर्च मोठा आहे, पण एकदाच करायचा. आणि तो, मामा अगदी सहज म्हणाले, मुलीकडच्यांनी करावा. हुंडा वगैरे त्यांच्या घरात कोणी मागत नव्हतं.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले तेव्हा टीपॉयवर विमानांची चित्रं असलेलं एक गुळगुळीत पुस्तक उघडं पडलं होतं. मामा बोट जिभेला लावून पानं उलटत होते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर ओला डाग उमटत होता. मला पाहायला आलेल्यांपैकी कोणीच मान वर केली नाही. बश्या कुठं ठेवायच्या ते मलाच विचारावं लागलं.

"हे पंख्यांचं," मामा सांगत होते. "चाळीस-पन्नास माणसं बसतात. शिक्षण स्वस्तात होतं. हे दोन जेट इंजिनांचं. आणि हे मोठं. रुंद पोटाचं."

अण्णांनी चष्मा पुसला आणि पुस्तक जवळ ओढलं. लिलावाला लावलेला वांग्यांचा ढीग, आडतीतला वक्कल, बघावा तसं त्यांनी एकेक चित्र न्याहाळलं.

"ह्याच्यात माणसं किती बसत्यात?" त्यांनी मोठ्या विमानावर बोट ठेवलं.

"अडीचशेच्या वर."

"आन् पगार?"

"विमान जितकं मोठं तितका पगार मोठा."

"मग बारीक कशाला घ्यायचं? करायचं तर मोठंच करू."

मुलाचे वडील म्हणाले, "आमची काही सक्ती नाही. तुमच्या मुलीच्या सुखाचा प्रश्न आहे. तुम्ही ठरवा." आणि त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

मी आत आले. ओट्याशी उभी राहिले. माझ्या नावानं विमान घेतलं जात होतं आणि मी सावळी असल्यामुळं ते मोठं घ्यावं लागत होतं, हे मला न सांगता कळलं. आईला म्हणाले तर ती म्हणाली, "सगळीकडे असंच असतं. कुणी स्कूटर मागतं, कुणी दवाखाना बांधून मागतं. हे तर शिक्षण आहे."

थोड्या वेळानं मुलामुलीला बोलू द्यावं असं ठरलं आणि आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. मुलगा दिसायला बरा होता, आणि खाली बसला होता त्यापेक्षा वर मोकळा वाटला. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी वर्गात विचारते तसं सरळ विचारलं.

"हे शिक्षण घेतलं की नोकरी लागते का?"

तो कठड्याला टेकला. "नाही."

"म्हणजे?"

"कंपनी ज्याला निवडते, त्याला स्वतःच्या खर्चानं शिकवते. तिला हवं असेल त्या विमानावर. मोठं विमान तर पुढं कितीतरी वर्षांनी मिळतं. आधीच शिकून आलेल्याला काही वेगळा मान नसतो."

"मग मामा खाली काय सांगतायत?"

"त्या शाळेकडून त्यांना कमिशन आहे."

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मी विचारलं, "आणि तुम्हाला हे करायचंय?"

"दोन वर्षं झाली मी विमानात पाय ठेवला नाही," तो म्हणाला. "कुणी कुठल्याही विमानात बसवलं तरी मी जाईन."

"मग हे खाली जाऊन सांगा ना. आत्ता माझ्यासमोर सांगितलं तसं."

"बाबांपुढं मला बोलता येत नाही," तो म्हणाला.

मंडळी गेल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. ते पान जमवत होते. हात न थांबवता म्हणाले, "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"मी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून चौकशी केली. नोकरीचं नक्की नाय. पण आज नाय तर उद्या लागंल. पायलट तर हाय ना पोरगा? मार्केटात कोणाचा जावई पायलट हाय, सांग मला."

त्या क्षणी मला त्या मामांपेक्षा माझ्या वडिलांचा जास्त वीट आला. मामा निदान स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलत होते. अण्णा खोटं आहे हे माहीत असून विकत घेत होते, कारण त्यांना ते गाळ्यावर मांडून ठेवायचं होतं. मी नकार दिला. आई दोन दिवस रडली. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

आणि मग, आठवडाही झाला नसेल, अण्णा स्वतः नाशिकरोडला जाऊन धाकटीसाठी विचारून आले.

मला हे बहिणीनंच सांगितलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. गोरी, हसरी, कुणालाही आवडेल अशी. मी तिला गच्चीवरचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"पण ताई, तो खरं बोलला ना तुझ्याशी?"

"माझ्याशी बोलला. खाली गप्प बसला."

"बोलला तरी," ती म्हणाली. पायलटची टोपी घातलेला त्याचा फोटो तिला आवडला होता, हेही तिनं लपवलं नाही.

ती गोरी आहे म्हणून मुलाकडचे खर्चात काही कमी करतील, अशी अण्णांना आशा होती. मुलाकडच्यांनी काही कमी केलं नाही. उलट मामांनी येण्याजाण्याचं तिकीट वेगळं धरलं. अण्णांनी रस्त्यालगतचा एक प्लॉट विकला.

लग्न थाटात झालं. मांडववाल्यानं स्टेजमागं थर्माकोलचं विमान उभं केलं होतं. त्याच्या पोटावर वधूवरांची नावं आणि पंखांवर उघडमीट करणारे लाल दिवे. इंजिनं बरोबर आहेत की नाहीत, ते अण्णांनी पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. फोटोग्राफरनं नवऱ्यामुलाचा फेटा उतरवून त्याला टोपी घालायला लावली. आडत्यांच्या बायका माझ्याकडे बघून आपसात बोलत होत्या: मोठीला सोडून धाकटीला केलं, काहीतरी असेल. मी हसून पंगतीत श्रीखंड वाढत फिरले. त्या दिवसानंतर मी श्रीखंड खाल्लं नाही.

जावई अमेरिकेला गेला आणि काही महिन्यांनी परत आला. सोबत एक सर्टिफिकेट, एक चामडी जाकीट आणि पुष्कळ फोटो. अण्णांनी मार्केटात पेढे वाटले. फोटोंत तो एका खोलीत बसलेला दिसायचा. समोर बटणंच बटणं. मी त्याला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, ती खोलीच होती. पायांवर उभी केलेली, हलणारी, विमानाची नक्कल. खऱ्या विमानात त्याला बसायलाच मिळालं नव्हतं. ते पुस्तकातल्या पानावर कुठं लिहिलेलं नव्हतं आणि मामांनीही कधी सांगितलं नव्हतं. लायसन्स देणाऱ्या दिल्लीच्या सरकारी ऑफिसनं ते सर्टिफिकेट बघून परत केलं. खऱ्या विमानावर हवेत काढलेले तास लागतात, नुसत्या खोलीवर नाव चढत नाही.

मामा म्हणाले, "थोडक्यासाठी अडलंय. तेवढं उरकून घेऊ."

तोवर बहिणीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आली. आल्यावर चार दिवसांनी मला म्हणाली, "ताई, सासऱ्यांनी निरोप दिलाय. राहिलेल्या शिक्षणाची सोय झाली की न्यायला येऊ, असं."

"असं तोंडावर म्हणाले?"

"नाही. खूप गोड बोलले. घाई नाही म्हणाले. बाळाला घेऊन पाहिजे तितके दिवस माहेरी राहा म्हणाले."

मुलगी झाली. नाशिकरोडहून कोणी आलं नाही. बारशालाही नाही. आले ते मामा आणि व्याही, बाळ दीड महिन्याचं झाल्यावर, आणि मामांच्या बगलेत तेच गुळगुळीत पुस्तक. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, बाळ कुणासारखं आहे ते एका वाक्यात सांगितलं आणि पानं उलटायला लागले.

"आता धोरण बदललंय," मामा म्हणाले. "छोट्या गावांना छोटी विमानं सुरू झालीत. आपण मोठ्याच्या मागं लागलो तिथं चुकलो. आता हे पंख्यांचं करून घेऊ."

मला वाटलं होतं की अण्णा त्यांना हाकलून देतील. अण्णा चिडले होते खरे, पण ते व्यापाऱ्यासारखे चिडले होते. "पहिला माल खराब निघाला. त्याचं काय? दुसऱ्यात सूट किती देता ते बोला," असं म्हणाले. मामांनी सूट सांगितली. व्याही छताकडे बघत बसले. मी दारात उभी होते. त्या खोलीत तिघं माणसं माझ्या बहिणीला परत नेण्याचा भाव करत होती आणि नाव विमानाचं घेत होती.

मी पुढं झाले आणि ते पुस्तक टीपॉयवरून उचललं. "हे घेऊन तुम्ही निघा," मी मामांना म्हणाले. "बहिणीला न्यायचं तर तिच्या नवऱ्याला पाठवा."

अण्णा ओरडले, आत जा म्हणाले. मी गेले नाही. व्याही उठले. मुलीच्या थोरल्या बहिणीचा स्वभाव आधीच ऐकून होतो, असं जाता जाता म्हणाले.

ते गेल्यावर बहीण माझ्याशी बोलेना. संध्याकाळी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती, तेव्हा म्हणाली, "ताई, तुला सगळ्यांची किळस येते. तुला ती परवडते. दर महिन्याला तुझा पगार येतो. मला उद्या ते घरात घेतील का, याचा विचार करावा लागतो."

ती चुकीचं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या वेळेत माझ्याबरोबर बाहेर पडली, बाळ आईकडे ठेवून. एसटीनं नाशिकरोडला गेली आणि नवऱ्याला गाठलं. तिथं काय बोलणं झालं ते तिनं कधी सविस्तर सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मी त्याला म्हटलं, तू बाबांपुढं बोलू नकोस. नुसता माझ्याबरोबर चल." तो आला. एक बॅग आणि ते चामडी जाकीट घेऊन आला. पाळण्याजवळ गेला आणि तिथंच बसून राहिला.

अण्णांनी त्याला गाळ्यावर घेतलं. सुरुवातीला तो लाजायचा. लिलाव पुकारताना आवाज फुटायचा नाही. मग सवय झाली. कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, वांगी. शेतकऱ्यांशी तो नीट बोलायचा, मापात मारायचा नाही, म्हणून ते त्याच्याकडे माल आणायला लागले. संसार बरा चालला. मात्र नवं गिऱ्हाईक आलं की अण्णा जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आमचे जावई. पायलट हायेत." गिऱ्हाईक त्या माणसाच्या हातातल्या जुडीकडे बघायचं. हमाल तोंड फिरवून हसायचे. जावई मान खाली घालून पुढचा वक्कल पुकारायचा. असं मी स्वतः पाहिलंय, एकदा नाही, अनेकदा.

माझ्यासाठी मग एक डॉक्टर सांगून आला. त्याला एक्स-रेचं मशीन हवं होतं. अण्णा दोन कंपन्यांची माहितीपत्रकं घेऊन आले आणि कुठलं बरं वाटतं म्हणून मलाच विचारायला लागले. मी विज्ञान शिकवते ना, म्हणून.

मी त्या डॉक्टरलाही नाही म्हटलं आणि त्या जूनमध्ये आमच्या संस्थेच्या सुरगाण्याच्या, डोंगरातल्या शाळेत जागा होती ती मागून घेतली. तिकडं कोणी जायला तयार नसायचं, त्यामुळं लगेच मिळाली. आईनं डबा दिला. अण्णा गाळ्यावरून आले नाहीत. ट्रंक जीपच्या टपावर बांधायला मेहुणा आला होता. दोरीची गाठ त्यानं दोनदा ओढून पाहिली आणि घाट आहे, पुढं बसा म्हणाला.