अस्तर नसलेला कोट

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. विलास, माझा कटर, वीस वर्षं माझ्यासमोर उभा राहून कापड कापतो — त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

इकडे आखातात, जुफैरच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. वेंगुर्ल्याहून आलो तेव्हा मनाम्याच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करत होतो. आज पाच मशीन माझ्या आहेत. कुणी दिल्या नाहीत — भांडून, घासाघीस करून मिळवल्या. माझा राग गल्लीला माहीत आहे. गिऱ्हाईक भावावरून उठून चालायला लागलं तर मी हाक मारत नाही. गप्प बसतो. ते दारापर्यंत जातं आणि वळतं. बहुतेक वळतातच. बढाई म्हणून सांगत नाही — पुढे लागणार आहे.

गल्लीच्या टोकाला परदेशी नौदलाचा तळ आहे. कुठल्या देशाचा, ते जुफैरमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यांचे गणवेश घट्ट-सैल करणं, बाहीवर हुद्द्याचे बिल्ले लावणं, ही माझी रोजची कामं. डॅनी तसाच आला. मी प्रत्येक नाविकाला 'कॅप्टन' म्हणतो, खूश होतात. हा हसला. म्हणाला, "हळू बोल बॉस, खऱ्या कॅप्टननं ऐकलं तर मला समुद्रात टाकेल."

पेन्शनला त्याची दोन वर्षं उरली होती. घरी म्हातारा बाप, तोही जुना सैनिक. टाचण्या लावलेला माणूस हलू शकत नाही, मग तो बोलतो. डॅनी आपल्या राष्ट्राध्यक्षांबद्दल बोलायचा. भाषणात सैनिकांना सलाम, आणि इकडे भत्त्याला कात्री. बापाला सैनिकांच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने तारीख मिळत नाही. अध्यक्ष सांगतात सगळं स्वस्त झालं — मग बायको फोनवर किराण्याचं रडगाणं का गाते? कुरकुरायचा, करक चहा प्यायचा, जायचा.

आणि मी? मी त्याच्या दुप्पट बोलायचो. त्यांचा भत्ता कापला की पहिला फटका माझ्या दुकानाला बसत होता ना! एकदा मी रागानं म्हणालो, "कॅप्टन, तुमचा अध्यक्ष म्हणजे अस्तर चोरणारा शिंपी. बाहेरून कोट झकास, आत हात घाल — काही नाही." डॅनी इतका हसला की टाचणी टोचली. विलास मला म्हणाला, "शेठ, मत त्यांनी द्यायचं आणि तापायचं तुम्ही?"

मग तळावरच्या नाविकांच्या वार्षिक जेवणासाठी तीसेक जॅकेटं शिवायची निघाली. दुकान निवडायचं काम डॅनीकडे. मला वाटलं, झालं, आपलंच आहे. त्यानं भाव कमी करायला सांगितला. म्हणाला, "पोरांच्या खिशात नाही रे बॉस, तुला तर माहीत आहे." मला माहीत होतंच. तरी मी माझी जुनी रीत धरली — गप्प बसलो. तो उठला, दारापर्यंत गेला.

वळला नाही.

काम सूकमधल्या एका दुकानाला गेलं. वर्षभर माझा चहा पिऊन! विलाससमोर मी दोन दिवस शिव्या घातल्या. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कामासाठी? मला ते एवढंसं वाटलं नाही. आजही ते आठवलं की कान तापतात — हेही सांगून टाकतो.

त्याच आठवड्यात तळावरचा एक अधिकारी पँट आखूड करायला आला. मी टेप गळ्यात घालून, फार अदबीनं म्हणालो, की साहेब, तुमची माणसं इथे अध्यक्षांबद्दल वाटेल ते बोलतात, माझी पंचाईत होते. त्यानं विचारलं, कोण? मी गप्प बसलो. घासाघिशीत बसतो तसाच. त्यानं पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तेव्हा मी नाइलाज झाल्यासारखं नाव दिलं.

इथपर्यंत मी मनात कितीदा तरी आलोय. दर वेळी इथेच थांबतो. चुगली केली — एवढं कबूल करणं जड नाही, नाही का? रागाच्या भरात कुणीही करतो. पण गोष्ट तिथे संपली नाही.

अधिकाऱ्यानं विचारलं, नेमकं काय बोलला? आणि माझ्या लक्षात आलं, डॅनीचं बोलणं अगदीच पांचट होतं. दवाखाना, भत्ता, किराणा — तळावर कोण हे बोलत नसेल? त्याला कुणी काय करणार?

म्हणून मी अस्तराचं वाक्य दिलं. माझं वाक्य. त्याच्या तोंडी घातलं, अधिकाऱ्यानं पुढे केलेल्या कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. नाविकाच्या तोंडी अस्तर कुठून येईल, हे त्या अधिकाऱ्याला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी पेन खाली ठेवलं नाही.

पुढची मी गावभर सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. अदलिया वस्तीत आपल्या लोकांच्या गणपतीला मी चारचौघांत सांगतो, त्या अध्यक्षानं एका चांगल्या माणसाची पेन्शन खाल्ली. लोक माना डोलावतात. एकजण म्हणाला, "शेठ, परक्यासाठी किती जीव तुटतो तुमचा!" अध्यक्षाच्या कारभाराबद्दल मी जे बोलतो ते मला आजही खरं वाटतं. पण डॅनीची पेन्शन त्यानं खाल्ली नाही.

दोन महिन्यांनी डॅनी आला. हातात गणवेश, वर एक नवा बिल्ला. मी सवयीनं म्हणालो, "या कॅप्टन."

"आता त्याच्या फारच खाली, बॉस," तो म्हणाला. एक पायरी उतरवली होती. नोकरीची पुढची मुदत नाकारली होती. म्हणजे पेन्शन नाही. जुना बिल्ला काढून हा लावायचा होता. दुसऱ्या कुणाकडे जावंसं वाटलं नाही, म्हणाला.

मी उसवायला घेतलं. तो स्टुलावर बसून बघत होता.

"ते अस्तराचं वाक्य चौकशीत माझ्या नावावर निघालं," तो म्हणाला. "दुकानात कुणीतरी ऐकलं असणार. मी म्हटलं, हो, मीच बोललो. तुझं नाव घेतलं असतं तर आमच्या लोकांना तुझ्या दुकानात यायची बंदी झाली असती. तुझ्या पाच मशीन आहेत, बॉस."

मी मान वर केली नाही. म्हणालो, "वाटोळं केलं तुमच्या अध्यक्षानं."

नवा बिल्ला मी हातानं लावला. टाके बारीक, सरळ आले. त्यानं बाही उजेडात धरून पाहिली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि निघाला.

दारापर्यंत गेला. मी हाक मारली नाही.