गेंढरांनी कडं केलं

गोड बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतात आणि त्यांचं कौतुकही पुष्कळ होतं. आत्याचं कौतुक कधी कुणी केलं नाही, कारण समोरच्याला तेवढी उसंतच ती देत नसे. सकाळी डोळे उघडले की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो उशीला डोकं टेकेपर्यंत. वस्तीनं तिचं नाव ठेवलं होतं तोफआत्या. आत्या ती एकाच मुलीची, पण तोफ मात्र सगळ्यांची.

ती गेंढरं पाळायची. गेंढरू म्हणजे बाप गाढव आणि आई मेंढी. फार पूर्वी कुठल्याशा पैदास केंद्रातल्या हुशार मंडळींनी ठरवलं, की गाढवाची ताकद आणि मेंढीची लोकर एकाच जनावरात आणायची. जनावर झालं, पण वाटणी उलटी झाली. ताकद आली मेंढीची, आवाज आला गाढवाचा, आणि लोकर अशी राठ निघाली की तिची पायपुसणी सोडून दुसरं काही होईना. मंडळींनी हात झटकले. गेंढरं मात्र राहिली, त्यांना पोरंबाळं झाली, आणि गावाच्या टोकाला पायपुसण्यांचा एक कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याला लोकर आधी आत्याचे वडील पुरवायचे, त्यांच्यामागे आत्या.

या जनावराचं डोकं समजून घ्यायला हवं. दुसऱ्याच्या मागून चालायचं हे ते आईकडून शिकलं, आणि कुणी सांगितलं म्हणून पुढे व्हायचं नाही हे बापाकडून. परिणाम असा, की गोठ्याचं फाटक उघडलं की सगळा कळप उत्साहानं फाटकापर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. मग लांब लांब कान हलवत एकमेकांकडे बघत राहायचं, आधी तुम्ही, आधी तुम्ही. एखाद्या कचेरीत नवं काम आलं की माणसं जशी एकमेकांकडे बघतात, अगदी तसं. ओढली तर ही जनावरं बसायची, मारलं तर डोळे मिटून घ्यायची. एकच उपाय होता. मागे उभं राहून तोंड सोडायचं.

"पंचाईते, टवळे, फाटक काय आज पहिल्यांदा बघतेस? कटकटे, सरक पुढे! ए घोडचूक, ठोंब्या, तुला काय पालखी पाठवू?"

मग कुठलं तरी एक हलायचं आणि त्याच्यामागे सगळी. नावं आत्यानं असलीच ठेवली होती, पंचाईत, कटकट, घोडचूक. 'गाढव' ही शिवी आत्या त्यांना देत नसे. ती अर्धी खरीच होती, आणि खऱ्या गोष्टीचा राग कुणाला येतो?

गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरी होती. बेकरीवाला आत्याच्या वर्गातला, त्यामुळे कळपाबरोबर त्यालाही रोज सकाळी आपला वाटा मिळे. "मेल्या, पाव भाजतोस की विटा?" असं आत्या ओरडली की त्याला दिवस सुरू झाल्यासारखं वाटे. बायको गेल्यापासून त्याच्याशी इतक्या आपुलकीनं दुसरं कुणी बोलत नव्हतं.

आत्या गप्प व्हायची ती एकाच वेळी. कळपातलं एखादं म्हातारं झालं, चारा सोडून कोपऱ्यात बसलं, की ती त्याच्याजवळ जमिनीवरच बसायची, मानेवर हात ठेवायची आणि इतक्या हळू बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई दुसरीच कुणी आहे. "दमलीस ना माझी राणी? झोप हं. मी आहे इथे." आणि अशा वेळी गेंढरं कडं करायची. सगळा कळप येऊन त्या एकाभोवती गोल उभा राहायचा, तोंडं बाहेर, पाठी आत, आणि मग आत कुणालाही येऊ द्यायचा नाही. आत्या आधीपासून आत असली तर असली, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर तिला वाट मिळे. कड्यात बसलेलं जनावर चार दिवसांच्या वर काढत नसे. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. गेंढराला मरणाचा वास येतो असं लोक म्हणायचे, आणि आत्याचंही तेच मत होतं.

तर त्या वर्षी आत्या माळावरच्या उतारावर पडली. दगडानं दगा दिला असं ती म्हणायची, पण दगडाचा काही दोष नव्हता, गुडघ्यांचा होता. महिना उलटला नाही तोच दुसऱ्यांदा पडली. बातमी शहरात भाचीपर्यंत गेली.

ही भाची म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. आई तिला आठवतही नव्हती. वडील आजारी पडून तिला घेऊन बहिणीच्या दारात आले आणि तिथेच गेले. तेव्हा पोरीचे दुधाचे दात पडायचे होते. आत्यानं तिला गेंढरांबरोबर वाढवलं, म्हणजे मागून ओरडून. आता ती शहरात चष्म्यांच्या दुकानात होती. एकटी राहायची. तिनं एक खोली रिकामी केली, खिडकीशी पलंग लावला, आणि फोनवर म्हणाली, "आत्या, बास झालं आता. तू इकडे ये. लिफ्ट आहे. मलाही घरात कुणीतरी हवंय गं."

शेवटचं वाक्य नसतं तर आत्यानं तिला फाडून खाल्लं असतं. पण ते वाक्य होतं. आत्या हो म्हणून बसली.

कळप पायपुसणीवाल्या मालकाला द्यायचा ठरला. तो पुढच्या आठवड्यात येऊन नेणार होता. आत्यानं वस्तीत ताकास तूर लागू दिली नाही. उगाच सगळे जमले असते, आणि लोकांसमोर रडायची तिला सवय नव्हती. फक्त एकच झालं. फाटकाशी उभं राहून ओरडायला तोंड उघडलं की शिवी बाहेरच येत नसे. थोडे दिवस तर राहिले, कशाला बिचाऱ्यांना बोलायचं, असं मनाशी म्हणून ती पंचाईतच्या कानामागे खाजवायची. "चल गं माझी शहाणी. घोडचूक, बाळा, चालतोस ना?"

गेंढरांनी कान टवकारले. असलं बोलणं ती ओळखत होती.

तिसऱ्या दिवशी भर सकाळी, बेकरीच्या समोर, कळप चालता चालता थांबला. पंचाईत वळली. कटकट वळली. आत्याला काही कळायच्या आत सगळी तिच्याभोवती गोल उभी होती. तोंडं बाहेर, पाठी आत.

बेकरीवाल्याच्या हातातला ट्रे खाली पडला. पाव गल्लीभर पसरले आणि एकाही गेंढरानं त्यांना तोंड लावलं नाही, म्हणजे मामला किती गंभीर होता बघा. आत्या मध्ये उभी. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि या कड्यात बसलेलं जनावर आसपास दुसरं कुठलंही नाही, हे तिच्या लक्षात आलं.

पुढचे दोन दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. आजारी म्हणून नव्हे. सगळे तिच्याशी चांगले वागायला लागले म्हणून. शेजारीण न मागता कपडे धुऊन गेली. जनावरांचा डॉक्टर आला. गावात डॉक्टर म्हणून तेवढाच होता. "जीभ दाखवा," तो म्हणाला. दारातून कुणीतरी म्हणालं, "ती काय, आम्ही रोज बघतो." एरवी हसण्याचा गडगडाट झाला असता, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाला प्रकृती ठणठणीत आहे, आणि लोकांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. आत्या गोठ्यात पाऊल टाकायची की गेंढरं पुन्हा कडं करायची. आता डॉक्टरचं ऐकायचं की गेंढरांचं?

आत्यानंही मग आवराआवर सुरू केली. कपाट लावलं. भांडी घासून पालथी घातली. बेकरीवाल्याला बोलावून म्हणाली, "तुझे पाव चांगले असतात बरं का. मी उगीच बोलत आले." तो बिचारा ओट्यावर बसून हुंदके देऊन रडला. थोडीफार आशा होती, तीही या बोलण्यानं गेली.

संध्याकाळी तिनं भाचीला फोन केला. काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, "जेवलीस का बाळा?"

भाचीनं पहिली बस पकडली.

ती पोहोचली तेव्हा आत्या गोठ्यात होती, कड्याच्या मधोमध, चाऱ्याची टोपली कमरेला. भाचीनं आत शिरायचा प्रयत्न केला. गेंढरं ढिम्म हलली नाहीत. तिला कुंपणावर चढून बोलावं लागलं.

"आत्या, तू मला फोनवर बाळा म्हणालीस!"

"मग? बाळच आहेस तू माझी."

"परत म्हणू नकोस!" भाचीचा आवाज फाटला. "याआधी जन्मात दोनदाच म्हणालीस तू मला बाळा. बाबा गेले त्या दुपारी. आणि मी शहराला निघाले, तेव्हा बसच्या खिडकीशी. एरवी कायम गधडेच म्हणायचीस. काय झालंय तुला?"

आत्यानं मग सगळं सांगितलं. कड्याचं, डॉक्टरचं, आणि आता आपले दिवस भरले म्हणून. भाची ऐकता ऐकता गेंढरांकडे बघत होती. त्यांचे कान मागे, आत्याकडे वळलेले होते.

"यांच्याशी काय बोलतेस गं हल्ली?"

"काय बोलणार? चांगलंच बोलते. निघायचंच आहे, तर कशाला ओरडू?"

"आणि आपली म्हातारी जांभई गेली तेव्हा? मागच्या वर्षी? आधी कडं झालं की आधी तू तिच्याशी गोड बोललीस?"

आत्या आठवू लागली. ती जांभईजवळ बसली. मानेवर हात ठेवला. दमलीस ना राणी, म्हणाली. मग पंचाईत आली. मग बाकीची. थोरलीच्या वेळीही तसंच. त्याच्या आधीच्याही वेळी तसंच. इतकी वर्षं ही गोष्ट तिनं उलटीकडून धरली होती.

"यांना मरण कळत नाही, आत्या. यांना तू कळतेस. तू गोड बोललीस की कुणीतरी जाणार, एवढं त्यांना पाठ आहे."

आत्याचा जीव भांड्यात पडला, पण लगेच पुन्हा वर आला. मरणार नव्हती ती, पण जाणार तर होतीच. गेंढरांचं काही चुकलं नव्हतं.

"मग ओरड की त्यांच्यावर," भाची म्हणाली. "सुटतील."

आत्यानं छाती भरून घेतली. "पंचाईते! हो बाजूला... टवळे." आवाज तिचाच होता, पण तोफेत दारू नव्हती. एकही कान हलला नाही. खोटं ओरडणं तिला येत नव्हतं. आजवर कधी गरजच पडली नव्हती. ती टोपली खाली ठेवून तशीच उभी राहिली, आणि लोकांसमोर रडायची सवय नसूनही तिचे डोळे भरले.

भाचीला काय करावं सुचेना. समजूत घालायला म्हणून ती म्हणाली, "राहू दे गं. उद्या मालक येतायत ना, तेच हलवतील. काल फोन आला होता मला. दोरखंड आणणार आहेत, चार माणसं लावून एकेकाला ओढत नेतील."

"काय आणणार?"

"दोरखंड."

बेकरीवाल्यानं नंतर सांगितलं, की त्याच्या दुकानातल्या काचेच्या बरण्या वाजल्या.

"दोरखंड? गेंढराला दोरखंड? त्या नतद्रष्टाच्या बापानं कधी गेंढरू पाहिलंय? मान मोडेल पण हलणार नाही माझा घोडचूक! आणि तू गं, गधडे, ऐकून घेतलंस? कानात बोळे घातले होतेस? हीच अक्कल घेऊन लोकांना चष्मे देतेस? सांग त्याला, लोकर न्यायची तर ने, कळपाला हात लावशील तर तुलाच कातरून पायपुसणं करीन म्हणावं! आणि ही मुर्दाडं बघा, उभी कशी आहेत ढिम्म! कटकटे! पंचाईते! व्हा बाहेर, दिवस डोक्यावर आला!"

कडं केव्हा फुटलं ते कुणी पाहिलं नाही. सगळी गेंढरं धावत सुटली, थेट फाटकापर्यंत, आणि तिथे जाऊन आधी तुम्ही, आधी तुम्ही करत उभी राहिली. आत्या टोपली टाकून त्यांच्यामागे. भाची कुंपणावरून उतरली, चाऱ्याच्या पोत्यावर बसली, आणि हसावं की रडावं ते न कळून दोन्ही केलं. शहरातली ती खोली रिकामीच राहणार होती. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण समोर आत्या ओरडत होती, आणि तेही ऐकायला बरं वाटत होतं.

गुडघ्यांचा प्रश्न बेकरीवाल्यानं सोडवला. कळप हलवायला आत्याला पाय कधी लागतच नव्हते, लागत होतं तोंड, आणि ते शाबूत होतं. त्यानं दुकानासमोर खुर्ची टाकली. कळप आत्याकडेच राहिला; लोकर बंद होऊ नये म्हणून कारखान्याचा माणूस फाटक उघडतो आणि माळापर्यंत सोबत जातो. बाकीचं आत्या खुर्चीतून बघते. दिवसभर बसते म्हटल्यावर पावांवरही दिवसभर बोलणं आलं. बेकरीवाला म्हणतो कान किटले, पण खुर्चीवर उशी त्यानंच आणून ठेवली आहे.

भाची निघाली तेव्हा आत्या काठी टेकत बसपर्यंत आली. भाची खिडकीशी बसली आणि खाली बघायला घाबरली. आत्यानं हात वर करून तिच्या गालाला लावला. मागच्या वेळेसारखं 'बाळा' अगदी ओठांवर आलं होतं. भाचीचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

"केस विंचरत नाहीस का गं, गधडे?" ती म्हणाली. "अवतार बघ काय केलाय! आणि त्या रिकाम्या खोलीत अडगळ भरू नकोस, मी येऊन बघणार आहे. नीट जेव. मेल्या ड्रायव्हर, बस चालवतोस की झोपा काढतोस?"

बस निघाली. आत्या तिच्यामागून ओरडत राहिली, "आणि महिनाअखेरीस आली नाहीस तर याद राख!" वळणावर बस दिसेनाशी होईपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही, आणि खिडकीत भाची डोळे पुसत हसत होती.