लाइव्हवर प्यालेला ग्लास

ते प्रकरण आता विसरलो असे मी लिहिले, तर ती माझ्या नोकरीतली आणखी एक खोटी नोंद होईल. म्हणून जसे घडले तसे सांगतो. नावे कोणाचीच देत नाही. माझेही देत नाही, पण ते लपण्यासाठी नव्हे; कोर्टाच्या कागदात ते आता आले आहे.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. आमच्याकडची भांडणे ठरलेली: बोट लावायची जागा, फाडलेले जाळे, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या. सकाळची हजेरी झाली की मी समन्स वाटून देत असे आणि चहा घेत असे. अशाच एका सकाळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला.

"साहेब, तक्रार नाही, माहिती देतोय," ते म्हणाले. "एकाच कोळीवाड्यातले तीन पेशंट आलेत. तिघांनीही साखरेच्या गोळ्या आपणहून बंद केल्या. विचारलं तर म्हणतात, पावडर चालू आहे. एकाचा पाय वाचेल असं वाटत नाही."

तो पाय वाचला नाही. गुडघ्याखाली कापावा लागला. तो गृहस्थ तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या. पाय गेला तशी बोटही सुटली. त्याच्या मुलीने ठाण्यात येऊन फिर्याद दिली आणि टेबलावर हिरवे पाकीट ठेवले. "लाइव्हवाल्या ताईची पावडर," ती म्हणाली.

ही ताई कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. नवरा बोटीवर, आणि ही रोज दुपारी ओटीवर बसून मासे साफ करता करता मोबाईलवर लाइव्ह बोलायची. सासूची नक्कल करायची, पापलेट कसे ओळखावे ते सांगायची, मध्येच गाणे म्हणायची. मुंबईला स्थायिक झालेल्या कोळी बायका, आगरी घरांतल्या लेकीसुना, पार आखातातले लोक बघत बसत. बघायला पैसे पडत नव्हते. घर चालायचे ते जाहिरातींवर. आधी मसाला, मग सुऱ्या, रेनकोट. शेवटी ही पावडर.

चौकशीला ती एकटी आली नाही. दहा-बारा बायका सोबत आल्या आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहिल्या. आत मी, महिला हवालदार आणि ती.

"'ही घ्या, गोळ्यांची गरज उरत नाही.' हे वाक्य कुणाचं?" मी विचारले.

"कंपनीवाल्यांचा. त्यांनी लिवून धाडला, मी वाचला."

"खरं आहे का, ते विचारलंस?"

"साहेब, टीव्हीवर गोरं व्हायचा किरीम लावून दावतात, त्या बायांना कवा ठान्यात आनलाव तुमी?"

हवालदारबाईंनी हसू दाबले. ताई मात्र हसली नाही. "सासऱ्याला पन मी तीच देत व्हते," ती हळू म्हणाली. "पैसे घेतले, ते न्हाय म्हनत न्हाय. पन बाजारात गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून बघतंय, लाल हाय का न्हाय. फोनात काय उचलनार? मानसाचा त्वांडच बघनार ना."

असे म्हणताना तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मी कागद उलटला.

पावडरीचा नमुना तपासणीला पाठवला होता. त्यात मेथी, जांभळाच्या बिया आणि कडुलिंब निघाला. विष नव्हते, औषधही नव्हते. तांडेलाचा पाय पावडरीने गेला नव्हता, त्या एका वाक्याने गेला होता. म्हणून वाक्य लिहिणाऱ्याकडे गेलो.

कंपनी म्हणजे नवी मुंबईत एका इमारतीतली दोन खोल्यांची जागा. तिथला जाहिरातीचा प्रमुख तिशीच्या आतला. घाबरला होता, पण कामाबद्दल बोलायला लागला की भीती विसरायचा.

"सर, हायवेवर बोर्ड लावला तर कोण बघितला, कोणाला माहीत? इथे हरएक स्ट्रीमरचा कोड वेगळा. तो कोड टाकला की गिऱ्हाइकाला सूट. मग कोणाच्या तोंडामुळे किती पाकिटं गेली ते मिनिटावर दिसतं."

"आणि ही ताई?"

"भारी चालते सर. मोठे ॲक्टर घेतले होते, एवढं नाही चाललं. लोकांना वाटतं, आपल्या घरातली बाई बोलतेय."

त्याने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. ताईच्या कोडवरच्या मागणीची रेघ पहिले पंधरा दिवस जमिनीला लागून होती. मग एका दुपारी ती माडासारखी सरळ वर गेली होती.

"हा दिवस बघा, एक नंबर!" तो म्हणाला. "काय झालं ते आम्हालाच नाही कळलं. ताईला विचारलं, तर ती बोलली, पाहुणे आले होते."

शेजारी उभ्या असलेल्या हवालदारबाई खाली बघू लागल्या. तारीख मलाही कळली होती. तो पाहुणा मी होतो.

त्या सुमारास ऑनलाइन फसवणुकीबद्दल लोकांना जागे करा, असे वरून आदेश होते. हवालदारबाईंनीच सुचवले होते, "साहेब, सभेला चाळीस डोकी येतात. ताईच्या लाइव्हला हजारो असतात." मी गणवेशात गेलो. ओटीवर बसून ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, असे अर्धा तास बोललो. बोलणे चांगले झाले. शेवटी ताईने पाण्यात कालवलेली पावडर ग्लासातून पुढे केली. कोळ्याच्या घरी पुढे आलेला ग्लास परत करत नाहीत. मी प्यालो. "कसा वाटला, साहेब?" तिने विचारले. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "एकदम फर्स्ट क्लास." सगळे हसले. मीही हसलो. जाहिरात चालू आहे हे मला दिसत होते. पाकीट माझ्या गुडघ्याशीच ठेवलेले होते.

कंपनीच्या स्क्रीनवरच्या मागण्यांच्या यादीत तांडेलाच्या घरची मागणी माझ्या त्या वाक्यानंतर वीस मिनिटांची होती.

कंपनीतून परतल्यावर दुसऱ्या दिवशी तांडेलाच्या बायकोचा जबाब घेतला. ती म्हणाली, "ताई पंधरा दिस बोलत व्हती, आमचे मानसानी लक्ष दिला न्हाय. म्हनायचा, ती पैशासाठी बोलतंय. मंग तुमी प्यालाव. तवा म्हनाला, पोलीस पितंय म्हंजे पास झालेली हाय, मागव."

हे किनाऱ्याबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमच्याकडे बंदरावर पोलीस बोटीचे कागद बघतो आणि हात हलवून 'जा' म्हणतो. तो हात हलला की पुढे कोणी काही विचारत नाही. पिढ्यान् पिढ्या हीच सवय. तांडेलाने माझ्या ग्लासाला तोच हात समजले.

हवालदारबाई जबाब लिहीत होत्या. मी म्हणालो, "एवढंच लिहा: जाहिरात पाहून पावडर मागवली." त्यांचे पेन थांबले. मग चालले. जबाब वाचून दाखवला, त्या बाईने सही केली. आपण सांगितलेले निम्मे त्यात नाही, हे तिला कळले असेल. पण पोलिसाने लिहिलेले बरोबरच असणार, ही तीच सवय.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन जप्त करायला हवा होता. मी म्हणालो, उद्या करू. तासाभरात तिचा फोन आला. "साहेब, तो आपला व्हिडिओ अजून हाय. ठेवू का काढू?"

'ठेव' म्हणणे माझे काम होते. मी म्हणालो, "तुझं तू बघ."

सकाळी जप्ती केली तेव्हा तो व्हिडिओ नव्हता. आणि दोषारोपपत्रात मी स्वतःच्या हाताने लिहिले की आरोपी महिलेने पुरावा नष्ट केला. ताईने त्यावर एक शब्द काढला नाही. मी स्वतःहून बोलतो का, याची ती वाट बघत होती, असे मला आज वाटते.

जाहिरातीच्या प्रमुखाला जामीन मिळाला. तीच पावडर दुसऱ्या नावाने दुसऱ्या कोणाच्या तरी लाइव्हवर गेली. ताईचे लाइव्ह बंद झाले. पायरीवर बसलेल्या बायकांनीच तिच्या ओटीवर जाणे सोडले. मी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो. तपासाबद्दल शाबासकीही मिळाली होती.

खटला उभा राहिला आणि मला साक्षीचे समन्स आले. कोर्टात जाण्याआधी मी ताईला शोधले. ती आता म्हसळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकते.

"या साहेब! सोडे देऊ का बोंबील?" मला पाहताच ती मोठ्याने म्हणाली. "कोनी पुढं केला की तुमी न्हाय म्हनत न्हाय, मना ठावं हाय." शेजारच्या बायका हसल्या.

मी खाली बसलो. कोर्टात सगळे सांगणार आहे, म्हणालो. ग्लास, जबाब, फोन, सगळे.

तिने बोंबलाच्या जुड्या नीट लावल्या. "आता? दुकान उठल्याव?"

"उशीर झाला."

"झाला." मग म्हणाली, "सांगा. पन मना सोडवायला जाऊ नका. गोळ्यांचा ते मीच बोलले व्हते, तुमी न्हाय. माझा माझ्याकडं राहू द्या, तुमचा तुमी घ्या."

वकील असलेल्या मित्राने बजावले होते की चौकशी लागेल, पेन्शनवर येईल. साक्षीत मी सगळे सांगितले. न्यायाधीशांनी दोनदा विचारले, "हे तुम्ही स्वतःहून सांगताय?" होय, म्हणालो. टंकलेखकाने ते टाइप केले. निकाल अजून लागलेला नाही.

या प्रकरणाआधी मला विचारले असते तर मी म्हणालो असतो, लाइव्हवरच्या जाहिराती बंद करा. आता तसे म्हणत नाही. बघणारा पैसे देत नाही, मग बोलणाऱ्या बाईचे घर कोणीतरी चालवणारच, आणि रेनकोटच्या जाहिरातीने कोणाचे काही बिघडले नव्हते. पण कंपनी विकत घेते ती वेळ नव्हे, ओळख. ताईने आपली ओळख पैसे घेऊन दिली. मी माझी, आणि माझ्या गणवेशाची, फुकट दिली. परिणाम माझ्या देण्याचा जास्त झाला. याचा पुरावा त्या कंपनीच्या स्क्रीनवर मिनिटांसकट होता, आणि मी तो फाइलला लावला नाही.

साक्ष संपवून बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर तांडेल बसला होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती, त्याआधी त्यानेच विचारले.

"साहेब, तुमाला साखर हाय?"

"आहे. बरीच वर्षं."

"मंग तो ग्लास प्यालाव, त्या दिशी गोळी घेतलीव का न्हाय?"

"घेतली."

त्याने मान हलवली. शिवी दिली असती तर बरे झाले असते. मुलीला हाक मारून म्हणाला, "चल, रिक्षा बघ."